सातव्या नदीची ओटी

माझ्या आईला नद्या मोजायची सवय आहे. आंघोळ करताना ज्या सात नद्यांची नावं घेतात, त्या सातही डोळ्यांनी पाहायच्या आणि प्रत्येकीची आपल्या हातानं ओटी भरायची, हे तिनं लग्नानंतर केव्हातरी ठरवलं. गोदावरी घरचीच, नाशिकची. कावेरी बाबांनी निवृत्तीनंतर दाखवली. बाकीच्या माझ्या नवऱ्याच्या फौजेतल्या बदल्यांनी दिल्या. जबलपूरला नर्मदा, प्रयागला गंगा-यमुना, लेहला सिंधू. बदली झाली म्हणून फोन केला की आईचा पहिला प्रश्न, "तिथं नदी कुठली?" जावयाला बढती मिळाली का, हे नंतर.

राहिली सरस्वती. प्रयागला नावाडी म्हणाला, सरस्वती इथंच गुप्त आहे माताजी, वाहा काय ते. आई ऐकेना. "न दिसणाऱ्या बाईची ओटी कुणी भरतं का?" म्हणत तिनं खण परत पिशवीत टाकला.

चंडीगडला आलो तेव्हा मीच मोठ्या हुशारीनं तिला कळवलं की शेजारच्या पंचकुल्यातून घग्गर वाहते आणि पुष्कळ जाणकार तिलाच जुनी सरस्वती मानतात. मी शाळेत भूगोल शिकवते, मला गप्प राहवत नाही. सगळ्यांना हे पटत नाही, असंही मी लगेच म्हणाले, पण ते तिनं कानाआड केलं. त्याच वर्षी बाबा गेले. नद्यांचा विषयच बंद झाला.

या मार्चमध्ये आमच्या पुढच्या बदलीचा हुकूम आला. तीन आठवड्यांत सामान बांधायचं होतं आणि आई अठ्ठ्याहत्तरची. आता नाही तर कधीच नाही, असं म्हणून मी तिला बोलावून घेतलं. ती आली, नाशिकहून खणही घेऊन आली. पण पहिल्याच संध्याकाळी म्हणाली, "ओटी तू भरायचीस. मी लांबून बघेन."

विधवेनं ओटी भरायची नसते, हे तिच्या हाडीमाशी खिळलेलं. मला संताप आला. हळदीकुंकवाच्या दिवशी ती आपण होऊन स्वयंपाकघरात जाऊन बसते, तेव्हाही येतो. सहा नद्या तिच्या हातानं आणि शेवटची माझ्या, हे मला मुळीच मान्य नव्हतं. खूप वाद घातला. ती शांतपणे भाजी निवडत राहिली.

रविवारी सकाळी माझ्या मुलीनं गाडी काढली. सेक्टर ३९ मधल्या आमच्या घरापासून अर्धा-पाऊण तास. समोर शिवालिकचे डोंगर, खाली गोट्यांनी भरलेलं रुंद पात्र आणि त्यात पाण्याची एक बारीकशी धार. पलीकडे दोन म्हशी.

"आजी, पक्का यही है? ये तो नाला है यार," मुलगी म्हणाली.

"या दिवसांत सगळ्याच वाळतात," आई म्हणाली, आणि दहा पावलं मागं एका दगडावर जाऊन उभी राहिली.

मी पाण्याकाठी बसून ताट मांडलं. तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, खण. तेवढ्यात मागून प्रश्न आला. "ही पुढं जाते कुठं गं?"

माझ्यातली भूगोलाची बाई जागी झाली. मी डोंगराकडे हात करून सुरुवात केली. उगम तिकडे हिमाचलच्या पायथ्याशी, मग हरियाणा, थोडं पंजाब, मग राजस्थान.

"मग समुद्र?"

"नाही ना. वाळवंटात जिरून जाते. समुद्रापर्यंत पोचतच नाही."

आईनं दगडावरूनच त्या धारेकडे बोट केलं. "नदीचा नवरा समुद्र," ती म्हणाली. "बाकीच्या सहाही शेवटी त्याच्याकडेच जातात."

"हो."

"म्हणजे हिला नवरा नाही."

"अगं, पण पुराणात तर..."

"पुराण राहू दे."

नातीचा खांदा धरून, गोटे चुकवत ती खाली आली. पदर खोचला आणि माझ्या पुढ्यातलं ताट आपल्याकडे ओढलं. मी हातभार लावायला पुढं सरकले, तशी ती माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तुझा नवरा धडधाकट आहे ना? मग तू लांबून बघ."

मी निमूटपणे उठून मागं त्या दगडावर जाऊन उभी राहिले. आई ओंजळीनं तांदूळ वाहत होती, एक, दोन, तीन. इतकी वर्षं भूगोल शिकवला, त्याचं त्या सकाळी सार्थक झालं, आणि मला रडू आवरेना.