भाचीच्या लग्नाची रजा

ये गं, जवळ बस, निदान हे वाचण्यापुरती तरी. वाकडला राहायला काय गेलीस, मावशीला विसरलीसच की!

चाकणच्या कंपनीत मी पॅकिंगला होते तेव्हाची गोष्ट. ठेकेदाराकडच्या आम्ही बायका रजेच्या अर्जावर आजारपण कधी लिहायचो नाही. आजारी बाई त्याला नकोच असायची. म्हणून टायफॉइड झाला तेव्हा मी लिहिलं, 'भाचीचं लग्न.' बिनपगारी रजा मिळाली. आणि खरं सांगू, तापात मला तुझं लग्न दिसायचंच. पंख्याच्या वाऱ्यावर मुंडावळ्या हलायच्या, पिवळ्या साडीत तू अलगद तरंगत जायचीस, आणि मला उठून अक्षता टाकाव्याशा वाटायच्या.

पुढच्या महिन्यात कामावरून काढलंच. मग त्या दिवसांचा आजारपणाचा पगार तरी मिळावा म्हणून परवा डॉक्टरांचा कागद घेऊन कामगार विम्याच्या कचेरीत गेले. साहेबांनी कंपनीकडून आलेला माझाच रजेचा अर्ज पुढं केला.

"मावशी, ताप आला होता की लग्नाला गेला होता?"

"कसलं लग्न हो! पोरगी अजून तयार कुठंय?"

ते हसले. म्हणाले, "मग तिलाच घेऊन या. तसं लिहून देऊ दे."

तेव्हा ये बाई लवकर. कचेरी सोमवारी उघडते, पण तू शनिवारीच ये, राहायला.