दुधरामची डावी चप्पल

केशोरीत दुधराम कापगतेची एकच कीर्ती. उन्हाळ्यात वावरात वावटळ उठली की हा डाव्या पायातली चप्पल काढायचा, शिवी हासडायचा अन् तिच्यात भिरकावायचा. वावटळीत भूत असतं, चपलेला भिऊन पळतं, असं आमच्याकडे मानतात. मेली वावटळ बसायचीही. ती तशीही घडीभरात बसतेच, पण हे दुधरामला सांगणार कोण? बाया त्याला हाका मारायच्या, अन् हा कोंबड्यासारखी छाती काढून फिरायचा.

माझा नवरा जागेश्वर त्याचा भक्त. दुधराम म्हणेल ती पूर्व. दोन हजार सहाचा पावसाळा सरला तसे दोघं कोकणात मासेमारीच्या बोटीवर खलाशी म्हणून निघाले. तलावात पोहणारी माणसं, समुद्राचं त्यांना काय कळतं, म्हणून मी अडवलं. दुधराम म्हणाला, "कुंदावहिनी, मी आहो ना सोबत."

महिन्याभरात तो एकटाच परत आला. जागेश्वरला लाटेनं नेलं म्हणून रडला. गावानं त्याचेच डोळे पुसले.

खरं काय ते बोट हाकणाऱ्या तांडेलानं सांगितलं. जागेश्वरचे कपडे द्यायला तो म्हातारा एवढ्या लांब आला, हे मी मानते. बोट खोल समुद्रात होती. काळ्या ढगातून सोंड लोंबली, पाण्याला टेकली अन् खालचं पाणी गरगरत उडायला लागलं. तांडेल ओरडला, जाळं तोडा, सगळे खाली मासळीच्या खणात शिरा. ती सोंड बोटीवर आली तर पत्रे, दोर, माणूस, काही ठेवत नाही, बोटसुद्धा पालथी घालते. तो बोट तिच्या वाटेतून काढत होता. जागेश्वर खाली उतरत होता.

दुधराम वरच उभा. हसून म्हणाला, "काऊन भेऊन राहिला बे? वावरातली वावटळच होये हे. ये वर, मी हाकलतो तिले."

अन् माझा येडा नवरा परत वर चढला.

सोंडेची नुसती कड लागली. चप्पल फेकून दुधरामनं डोलकाठीला मिठी मारली. जागेश्वरनं काहीच धरलं नव्हतं. वावरात कुठं काय धरावं लागतं? बोटीनं पुष्कळ शोधलं, प्रेतसुद्धा मिळालं नाही.

पुढच्या चैत्रात खळ्याकडे वावटळ आली. बायांनी सवयीनं दुधरामला हाक मारली. तो खाली मान घालून बसला होता. मी जागेश्वरच्याच जुन्या चपला घालून होते. डावी काढली अन् त्याच्या हातात कोंबली.

"फेक ना," मी म्हटलं. "त्याले माती नाही भेटली. तोच असन यात."

दुधराम चप्पल टाकून पळाला. मी ती उचलून आणली. दर चैत्रात पहिली वावटळ उठली की मी ती त्याच्या दारात ठेवून येते.