ओडेसा आणि तळघराचं दार

ओडेसा गॅस्किन्सला स्वस्थ बसलेलं कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढे येऊन सांगावं. पूर्व बाल्टिमोरच्या आमच्या गल्लीत असा माणूस सापडायचा नाही. चर्चमध्ये पाद्रीबाबा रंगात येऊन बोलत असतात आणि ही बाकाच्या पाठीवरची धूळ रुमालानं टिपत असते. टीव्ही बघायला बसली तरी मांडीवर निवडायला पालेभाजी हवीच. दुखवट्याला गेली, तर रडणाऱ्या बाईला एका हातानं थोपटते आणि दुसऱ्या हातानं तिच्या टेबलावरचे उष्टे कप गोळा करते. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, पण बाईचं बूड काही टेकत नाही.

"अगं, मेल्यावर तरी पडून राहशील ना?" समोरच्या पायरीवरून अर्लीन विचारायची. अर्लीन म्हणजे तिची जुनी शेजारीण आणि तितकीच जुनी टवाळखोर.

"आधी शवपेटीला पॉलिश नीट झालंय का बघेन. मग पडेन."

इस्पितळाच्या धुलाईखात्यात जन्म गेला तिचा. डाग दिसला की तो निघालाच पाहिजे, हे तिथेच अंगात मुरलं. तिचा नवरा वेंडेल पोलादाच्या कारखान्यात. दोघांनी जोडीनं हे घर घेतलं, भिंतीला भिंत लागलेल्या घरांच्या रांगेतलं, पुढे तीन संगमरवरी पायऱ्या असलेलं. त्या काळी आमच्या काळ्या लोकांना या गल्लीत घर मिळणं काही सोपं नव्हतं, म्हणून वेंडेलनं ते जिवापाड जपलं. आधीच्या मालकानं खिडक्यादारांना जाडजूड, चकचकीत रंग दिलेला होता. वेंडेल त्यावर हात फिरवून म्हणायचा, "बघ, याला म्हणतात रंग. हल्लीचा रंग म्हणजे नुसतं पाणी." त्याचंही खरंच होतं. पावसापाण्याला, उन्हाला दाद देत नव्हता तो रंग. तेवढं टिकण्यासाठी त्यात शिसं घातलेलं असायचं, हे मात्र त्या बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

वेंडेल गेला तरी घराची निगा ओडेसानं चालूच ठेवली. दरवर्षी ईस्टरच्या आधी पायऱ्या दगडानं घासून पांढऱ्याफेक करायच्या, मग खिडक्या. रंगावर रंग चढून खिडक्या घट्ट बसायच्या. ही हातोडीनं ठोकून त्या मोकळ्या करायची, सुटलेला रंग पट्टीनं खरवडायची, पॉलिश पेपरनं खसाखसा घासायची आणि खाली पडलेला भुगा झाडूनं लोटून काढायची. वर रंगाचा नवा हात. साऱ्या गल्लीत ओडेसाच्या खिडक्या उठून दिसायच्या. आमच्या आया आम्हाला त्या दाखवून टोमणे मारायच्या.

तर अशा या घरात तिची धाकटी लेक रोशेल बाळाला घेऊन राहायला आली. रोशेल शहरबस चालवते. बाळाचा बाप कुठे आहे हा विषय ओडेसाच्या घरात निघत नाही, म्हणून मीही काढत नाही. बाळ, टेव्हॉन, म्हणजे निव्वळ लबाड डोळ्यांचा गोळा. उभा राहायला लागला तसा पुढच्या खोलीच्या खिडकीला चिकटून असायचा. बस दिसली की कोणतीही असो, "मा! मा!" करून काच बडवायचा. मध्येच चौकट चावायचा, खिडकीच्या खाचेतून बोट फिरवायचा आणि ते तोंडात घालायचा. ओडेसा शेजारी बसून त्याची लाळ पुसायची. तिच्या आयुष्यातलं त्यातल्या त्यात स्वस्थ बसणं हेच.

पहिल्या वाढदिवसानंतर दवाखान्यात त्याचं रक्त तपासलं. शिसं निघालं, लहान मुलांच्या मेंदूला बाधणारं विष. पुन्हा शिरेतून रक्त काढून तपासलं, तरी तेच. ओडेसाच्या तोंडावर राग आला. तिचं असंच आहे, भीती वाटली की आधी चिडते.

"बाहेरच्या मातीतून आलं असेल. नाहीतर त्या अर्लीनच्या घरातून. तिच्याकडे केर कधी निघतो का!"

आरोग्यखात्याची बाई घर बघायला आली. ओल्या फडक्यांनी तिनं जमीन, चौकटी, खिडक्यांच्या खाचा टिपून नमुने नेले. काही दिवसांनी परत आली तेव्हा ओडेसानं कॉफी पुढे केली आणि विचारलं, "सापडलं का काही? माझ्या जमिनीवर ताट न घेता जेवून दाखवा."

"मिस ओडेसा, तसं जेवू नका," बाई म्हणाली. "पुढच्या खोलीची खिडकी सगळ्यात वाईट आहे. खिडकी वर-खाली झाली की जुना रंग घासला जाऊन भुगा होतो. आणि कोरडा घासला, झाडला, की घरभर उडतो. डोळ्यांना दिसतही नाही. हे कोण घासतं?"

 रोशेलनं आईकडे बघितलं.

त्या संध्याकाळी मायलेकींचं कडाक्याचं भांडण झालं. म्हणजे रोशेल एक शब्द बोलत नव्हती, मुलाचे कपडे बॅगेत भरत होती, आणि ओडेसा तेच कपडे बाहेर काढून पुन्हा नीट घडी करून ठेवत होती.

"मी काय मुद्दाम केलं का गं?"

"मी तसं म्हटलंय का, मा?"

"तोंडानं नाही म्हटलंस."

"घर नीट होईपर्यंत तो इथे राहणार नाही. बस्स. यात तुझं-माझं काही नाही."

रोशेल शहराच्या दुसऱ्या टोकाला आतेबहिणीकडे राहायला गेली. घर ओडेसाच्या स्वतःच्या नावावर, त्यामुळे शिव्या घालायला घरमालकसुद्धा नव्हता. ती रिकाम्या घरात फेऱ्या घालू लागली. झाडू हातात घ्यायची आणि ठेवून द्यायची. आणि मग एक दिवस तिला डेक्सटर आठवला, तिचा मधला मुलगा. तोही याच खिडकीशी वाढला. शाळेत एका जागी बसायचा नाही, अक्षरं डोक्यात शिरायची नाहीत, चटकन भडकायचा. ओडेसानं त्याला मठ्ठ म्हटलं, आळशी म्हटलं, पट्ट्यानं मारलं. तो आता डेट्रॉइटला असतो आणि फारसा फोन करत नाही. त्यालाही हेच झालं होतं का? तिनं आरोग्यखात्याच्या बाईला फोन करून विचारलं. बाई हळूच म्हणाली, आता ते सांगता येणार नाही. त्या दिवशी ओडेसा जेवली नाही.

दर रविवारी चर्च आटोपून, दोन बस बदलून ती नातवाला भेटायला जायची. डब्यात कोलार्डची पालेभाजी, कोंबडीची कलेजी. बाईनं सांगितलं होतं, लोह असलेलं खाऊ घाला, दूध द्या, पोट रिकामं ठेवू नका, म्हणजे शिसं अंगात कमी भिनतं. "जसं काही मी जन्मात कधी कुणाला खाऊ घातलंच नाही," ओडेसा बसमध्ये पुटपुटायची. टेव्हॉन आधी "नॅना", म्हणजे आजी, म्हणत उड्या मारत यायचा. मग थंडी पडली, त्याला सर्दी झाली, बर्फानं बस बंद राहिल्या, एक-दोन रविवार चुकले. पुढे गेली तर पोरगं आईच्या पायामागे लपलं आणि तिथून तिला न्याहाळू लागलं. आतेबहिणीकडे बोट करून म्हणालं, "नॅना."

आतेबहीण ओशाळली. "अगं मामी, तो सगळ्यांनाच नॅना म्हणतो."

"म्हणू दे की," ओडेसा म्हणाली आणि त्यांच्या स्वयंपाकघरातली भांडी घासायला उठली. भांडी घासलेलीच होती.

तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. घर नीट झालंच पाहिजे, आणि पोरगं आपल्याला पुरतं विसरायच्या आत झालं पाहिजे.

घरातलं शिसं काढायच्या शहराच्या योजनेतून पॅडजेट नावाचा माणूस आपली टोळी घेऊन आला. चांगला परवानाधारक, पण चालीनं कासव. ओडेसाच्या अंगाचा नुसता तिळपापड. त्यानं खोलीखोलीला प्लास्टिक लावलं, दारांच्या फटी चिकटपट्टीनं बंद केल्या, माणसांना तोंडावर मुखवटे, अंगावर पांढरे झगे. रंगावर आधी पाणी फवारायचं, मगच खरवडायचं. झाडू नाही, खास यंत्रानं भुगा ओढून घ्यायचा. शेवटी दोन बादल्या घेऊन सगळं ओल्यानं पुसायचं, फडकं एकदा वापरलं की फेकायचं. काम चालू असेपर्यंत ओडेसानं घरात राहायचं नाही. ती अर्लीनकडे राहिली आणि दिवसभर पायरीवरून ओरडत राहिली.

"अहो पॅडजेट, एवढ्या वेळात मी आख्खी गल्ली खरवडली असती!"

"तेच तर निस्तरतोय, मिस ओडेसा," तो मुखवट्यातून म्हणाला. अर्लीन हसून हसून खोकली.

खिडक्या नव्या आल्या. जिना झाला, खोल्या झाल्या, पुन्हा फडक्यांनी टिपून तपासणी झाली आणि घर पास झालं. राहिलं फक्त स्वयंपाकघरातलं तळघराचं दार. ते बदलायचं होतं आणि नवं दार ईस्टरनंतर येणार होतं. पॅडजेटनं जुन्या दारावर वरपासून खालपर्यंत प्लास्टिक ताणून चिकटवलं आणि तिच्यासमोर बोट नाचवलं.

"याला हात लावायचा नाही. धूळ पुसायलासुद्धा नाही. मी येईन तेव्हा."

टेव्हॉनच्या रक्तातलं शिसं उतरत चाललं होतं. रोशेल म्हणाली, ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारी त्याला घेऊन येते. दार बंदच आहे ना? मग रात्री राहू, सकाळी चर्चला जाऊ.

शनिवारी ओडेसाला पहाटेच जाग आली. हॅम ओव्हनमध्ये गेलं, रताळी उकडली, पायऱ्या घासून झाल्या. सगळं झालं आणि दुपार काही होईना. ती या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून या. आणि मग स्वयंपाकघरात वाकून रताळ्याची साल उचलताना तिला दिसलं. प्लास्टिकची खालची चिकटपट्टी वाफेनं सुटली होती आणि तिथून रंगाचा एक पापुद्रा डोकावत होता. बरोबर पोराच्या हाताच्या उंचीवर.

 पॅडजेटला फोन लावला, उचलला नाही. सुट्टीच होती. चिकटपट्टी पुन्हा दाबून बसवायची, वर एक पट्टी लावायची, एवढंच करायचं होतं. एवढंच! पण हात शिवशिवले. नुसता हा एक पापुद्रा काढते, म्हणाली. तो काढताना शेजारचा सुटला. तो सुटला तर कड राहिली. कड राहिली तर पोराच्या बोटाला लागेल, म्हणून खणातून पॉलिश पेपर काढला. थोडंसंच, वरवर. मग प्लास्टिक आणखी वर गुंडाळावं लागलं. हात एकदा चालू झाला की ओडेसाचं डोकं मागे राहतं, हे तिच्या धुलाईखात्यातल्या बायकासुद्धा सांगतील. भानावर आली तेव्हा दाराचा खालचा अर्धा भाग गुळगुळीत झाला होता, झाडू हातात होता, आणि नव्या खिडकीतून आलेल्या उन्हात बारीक धूळ तरंगत होती.

ती तिथेच उभी राहिली. झग्यावर, बाह्यांवर, नखांत, सगळीकडे पांढरट पूड. "देवा," ती म्हणाली. "देवा, मी काय केलं हे!"

पुढच्या दारात किल्ली फिरली. रोशेलची बसवरची पाळी लवकर सुटली होती.

"मा! बघ कोण आलंय!"

आणि पावलं आली, धावत. ओडेसा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचली तर टेव्हॉन पुढच्या खोलीच्या मधोमध होता. लाल कोट, नवे बूट. तिला बघून थबकला. आता आईच्या पायामागे जाईल, असं तिला वाटलं. पण नाही. त्याचं तोंडभर हसू पसरलं, दोन्ही हात वर झाले. "नॅना!" म्हणाला आणि तिच्याकडे धावत सुटला.

"थांब!" ओडेसा किंचाळली. "येऊ नकोस! लांब राहा! रोशेल, धर त्याला, धर आधी!"

असा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. तो जागच्या जागी थिजला आणि ओठ काढून त्यानं भोकाड पसरलं. रोशेलनं धावत येऊन त्याला उचललं.

"मा, वेड लागलं का तुला? केवढा घाबरला तो!"

मग तिला आईचे हात दिसले.

ओडेसानं काहीही सांगितलं असतं तरी चाललं असतं. पीठ म्हणाली असती तरी लेकीनं मानलं असतं, सणाचा दिवस होता. "दार घासलं," ती म्हणाली. "कोरडंच. झाडूही फिरवला. घरभर उडालं असेल. आत आणू नकोस त्याला, रोशेल. त्याचे बूट बाहेरच काढ, हात धू त्याचे अर्लीनकडे. आणि घेऊन जा."

 रोशेलचे डोळे भरले होते, रागानं की कशानं कोण जाणे. "किती दिवस वाट बघत होतीस, मा," एवढंच म्हणाली आणि वळली.

टेव्हॉन आईच्या खांद्यावरून मागे बघत होता. रडत होता, पण आता घाबरून नव्हे. अख्खं अंग मागे टाकून, आईच्या हातातून निसटू पाहत, दोन्ही हात ओडेसाकडे पसरून हाका मारत होता, "नॅना! नॅना!" तिच्यात आणि त्याच्यात चार पावलंसुद्धा नव्हती. ओडेसानं आपले दोन्ही हात पाठीमागे नेले, एकमेकांत घट्ट अडकवले आणि दार बंद होईपर्यंत सोडले नाहीत.