भाऊजींचं फेअर

माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांइतका निर्दय संगीतरसिक अख्ख्या विदर्भात झाला नाही, आणि त्यांच्याइतका हळवा ग्रेडरही झाला नाही. भाऊजी वणीच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. शेतकऱ्याच्या बैलबंडीतून कापसाची चिमूट उचलायची, दोन अंगठ्यांत धरून धागा ओढून पाहायचा, ओलावा आणि काडीकचरा जोखायचा आणि सुपर, फेअर किंवा कवडी यांपैकी एक शब्द उच्चारायचा, एवढंच त्यांचं काम. फेअर म्हणजे चांगला माल, कवडी म्हणजे किडका, डागाळलेला. भाव त्या एका शब्दावर ठरे.

हा शब्द ते केंद्रावरच विसरून घरी आले असते तर ठीक होतं. पण त्यांना रॉक संगीताचा नाद होता, आणि तोही साध्या रॉकचा नाही. जो बँड चार लोकांना ठाऊक आहे तो त्यांच्या लेखी वाया गेलेला. नागपूरच्या फुटपाथवरून ते अशा बँडांच्या कॅसेटी आणत, की त्या बँडांची नावं बँडवाल्यांच्या शेजाऱ्यांनी तरी ऐकली असतील की नाही, शंका यावी. रविवारी सकाळी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून ते व्हरांड्यात बसत. स्वतःच पास केलेल्या कापसाच्या बोळ्याने टेपरेकॉर्डरचं हेड पुसत. मग डोळे मिटून, उजव्या हाताची बोटं हवेत चोळत अख्खा अल्बम ऐकत. त्या वेळात दूधवाल्यानेही फाटक वाजवायचं नाही. गाणं ताणलं की धागा तुटतो का, गायकाच्या गळ्यात ओलावा किती, गिटारवाल्याने मध्ये काडीकचरा किती घातला, हे सगळं केंद्रावरच्या कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं जाई, आणि खाली सहीसकट निकाल असे. माझ्या माहितीत साडेतीनशे अल्बम तपासले गेले आणि साडेतीनशेच्या साडेतीनशे कवडी निघाले. विलायतेतल्या एका बँडबद्दल ते म्हणाले होते, "ढोलकीवाला बरा हाय. बाकी सरकीच सरकी." ते बिचारे वणीला कधी येणार नव्हते, म्हणून वाचले. ताईचं म्हणणं वेगळं होतं. "लग्नाला बावीस वर्षं झाली," ती म्हणायची, "माही वांग्याची भाजी अजून कवडीतच हाय."

केंद्रावर मात्र हाच माणूस वितळून जाई. ती सालंच वाईट होती. वेचणीला पाऊस गाठायचा, उरलेलं अळी खायची, आणि मोठी माणसं पांढरे कपडे घालून पांढऱ्या सोन्यावर भाषणं ठोकायची. भाऊजी ओल्या कापसात हात घालत, समोरच्या माणसाकडे पाहत आणि 'फेअर' म्हणून मोकळे होत. मारेगावपासून मुकुटबनपर्यंत कोणाचा माल भिजला, की बंडी आमच्या भाऊजींच्या रांगेत लागे. दोनदा साहेबांनी त्यांना बोलावून ओलावा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. भाऊजींनीही ते नव्याने कळल्यासारखं ऐकून घेतलं.

अशात एका शुक्रवारी सलीम आला. सलीम ट्रकचा मेकॅनिक, आणि 'ओव्हरलोड' नावाच्या बँडचा गायक. बाकीचे तिघे कोळशाच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. ड्युटी जुळेल तेव्हा गॅरेजच्या मागे वाजवायचे. चौघांनी नागपूरला जाऊन सहा गाण्यांची एक कॅसेट भरून आणली होती. चंद्रपूरच्या गॅरेजातून सलीमला चांगलं बोलावणं होतं. जायचं तर गिटार विकून कायमचं, थांबायचं तर बँडसाठी, आणि सोमवारी त्याला कळवायचं होतं. "दोस्त त सारे वा वा करून राह्यले साहेब," तो म्हणाला. "तुमी कोनालेच सोडत नाही. तुमी सांगान ते फायनल."

शनिवारी केंद्रावर सलीमच्या मामाची बंडी आली, मागून सलीम उतरला. कापूस असा होता, की पिळला असता तर बादली भरली असती. भाऊजींनी मामाकडे पाहिलं आणि 'फेअर' म्हटलं.

रविवारी मी मुद्दाम गेलो. भाऊजींनी कॅसेट तीनदा ऐकली, जे आजवर झालं नव्हतं. तिसऱ्या गाण्याला त्यांची बोटं चोळायची थांबली. दहा वाजता सलीम आला. भाऊजींनी उभं राहून चिठ्ठी त्याच्या हातात दिली आणि स्वच्छ आवाजात सांगितलं, "फेअर."

मी हादरलोच. साडेतीनशे कवड्यांनंतरचं पहिलं फेअर. सलीमने चिठ्ठी वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि हसला.

"मामाचा कापूस बी फेअरच होता ना साहेब?"

"अरे, तो कापूस होता. हे खरं सांगून राह्यलो तुले."

"मालूम हाय साहेब. तुमी मनाचे मोठे हा. कवडी म्हनाले तुमची जबान नाही वळली."

भाऊजींनी त्याला धागा, ओलावा, तिसऱ्या गाण्यातला तो ताण, सगळं समजावलं. जितकं समजावलं तितकी सलीमला ती दया वाटत गेली. जाताना तो त्यांच्या पाया पडला, आणि सोमवारी त्याने चंद्रपूरला होकार कळवला.

त्यानंतर भाऊजींच्या स्कूटरला विचित्र आजार जडला. दर महिन्याला तिचा कार्बोरेटर बिघडे, आणि तो वणीत कोणालाच दुरुस्त होत नसे. मग बिघडलेल्या स्कूटरवर बसून भाऊजी चंद्रपूरला जात. सलीम चहा पाजी, कार्बोरेटर उघडून पुन्हा बसवी आणि गाण्याचा विषय निघाला की पाना शोधायला आत जाई.

चिठ्ठ्या लिहिणं आता बंद आहे. रविवारी व्हरांड्यात 'ओव्हरलोड'ची एकच कॅसेट वाजते, आणि हेड पुसायचा बोळा मेडिकलमधून येतो. गेल्या महिन्यात मी जेवायला गेलो होतो. वांग्याची भाजी होती. पहिला घास घेऊन भाऊजी खाली मान घालूनच म्हणाले, "फेअर हाय."

ताईचा हात वाढता वाढता थांबला. "खरं सांगून राह्यले," तिने विचारलं, "का दया करून राह्यले?"

भाऊजींनी दुसरा घास घेतला. मग ताट पुढे केलं, आणखी वाढ म्हणून.