बदललेलं कुलूप

नवरा गेल्यावर मी देवरूखला भावाकडे राहायला गेले आणि रत्नागिरीचा फ्लॅट विकायला काढला. एजंट नवऱ्याचा शाळासोबती. मला वहिनी म्हणायचा, म्हणून डोळे मिटून चावी दिली. दीड वर्ष झालं, गिऱ्हाईक ठरेना. फोन केला की म्हणायचा, बाजार थंड आहे, धीर धरा.

जूनच्या शेवटी काही कागद आणायला मी न कळवता गेले. आतल्या खोलीत कपाट उपसत होते, तेवढ्यात दार उघडलं. तो कुणा जोडप्याला घेऊन आला होता.

"ही भिंत पावसात झिरपते," तो सांगत होता. "बाई अडून बसल्यात, भाव सोडत नाहीत. हे नुसतं बघून ठेवा. आता दाखवतो ती नवी बिल्डिंग बघा."

मी बाहेर आले नाही. भांडले असते तर त्याने दोन शब्दांत माफी मागून मला गप्प केलं असतं. तेवढ्यावर त्याला सोडायचं नव्हतं.

भाऊ म्हणाला, मंदीत एजंट बदलून काय होणार, दुसराही तेच करील, उगाच वैर नको. आठवडाभर मी त्यावर विचार केला. दुसरा कसा निघेल ते मला माहीत नव्हतं. पण या माणसाने मला दीड वर्ष धीर धरायला लावला होता, आणि ते काही केल्या गिळवत नव्हतं. शेवटी पूर्वी त्याच्याच ऑफिसात काम करणाऱ्या एका बाईंकडे गेले. आता त्यांचं स्वतःचं ऑफिस होतं. त्यांनी सुचवलं, आधी त्याला रीतसर कळवा. रविवारी कळवते, म्हटलं. त्या रविवारी मंडणगडचं एक कुटुंब आणतो, असं त्याने मला फोनवर सांगितलं होतं. शनिवारी मी कुलूप बदलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी शेजारणीच्या दारात उभी राहिले. तो सगळ्यांना घेऊन जिना चढून आला. चावी घातली, फिरवली, काढून पुसली, पुन्हा घातली. मग मी दिसले.

"वहिनी, कुलूप अडकलंय वाटतं."

"अडकलं नाही, बदललंय. तुमचं काम आजपासून बंद." मी दार उघडलं आणि त्या कुटुंबाला म्हटलं, "या. जी भिंत झिरपते म्हणून हे सगळ्यांना सांगतात, ती हात लावून बघा."

बाहेर धो धो पाऊस होता. त्यांच्यातल्या आजींनी खरंच भिंतीवर हात फिरवला. कोरडी होती. तो जिन्यावर छत्री धरून उभा राहिला, मग खाली गेला. ती माणसं त्याच्या मागे गेली नाहीत.

माझं स्वयंपाकघर लहान, म्हणून त्यांनीही घेतलं नाही. फ्लॅट जायला आणखी वर्ष लागलं. बाईंनी तो बोटीवरून निवृत्त झालेल्या एका गृहस्थाला दिला. भाऊ अजून म्हणतो, तू काय मिळवलंस? मी त्याला सांगत नाही, पण मंडणगडच्या त्या लोकांना मी नंतर स्वतः फोन करून दुसरा एजंट सुचवला होता. त्यानंतरही, कुणी घर शोधतंय असं कानावर आलं की मी आधी विचारते, एजंट कोण? तोच असला तर दुसरा सुचवते.