मावशीचं डिफिकल्ट

माझी मावशी पडदे शिवते. बाजारातल्या दुमजली इमारतीत तळमजल्यावर तिचं दुकान आहे. पुढे कापडाचे तागे, मागे शिलाई मशीन आणि मधे एक लांबलचक टेबल. या टेबलावर कुणी चहाचा कप टेकवला तर तो माणूस तिच्या जन्मभर लक्षात राहतो. नुसती खिडकी बघून ती कापड किती लागेल ते सांगते, तरीही टेप लावते. तिच्या मते नजर काय किंवा नवरा काय, विश्वास ठेवावा, पण मोजूनही घ्यावं.

बोलण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. गिऱ्हाईक निळा पडदा मागायला येतं आणि पिवळा घेऊन, वर तिचेच आभार मानून जातं. पण ते सगळं मराठीत. इंग्रजीशी तिचं शाळेपासून वाकडं.

ताईने, म्हणजे मावशीच्या मुलीने, दूरच्या गावातल्या आणि दुसऱ्या भाषेतल्या मुलाशी लग्न केलं. मुलगा इतका सरळ की नावं ठेवायला जागाच नाही, त्यामुळे मावशी थोडी नाराज होती. लग्न रजिस्टर झालं. त्या वेळी विहीणबाईंचा पाय प्लास्टरमध्ये होता, म्हणून त्या आल्या नव्हत्या. विहिणी-विहिणींची पहिली गाठ फोनवरच पडायची होती, आणि दोघींना मिळून समजेल अशी भाषा एकच, इंग्रजी.

मावशीकडे एक भारदस्त इंग्रजी शब्द होता, डिफिकल्ट. उंच खिडक्यांची गिऱ्हाइकं तो वापरत, तिथून तिने उचलला होता. 'मला इंग्रजी कठीण जातं' एवढं सांगितलं की पुढचं विहीणबाई सांभाळून घेतील, असा तिचा हिशेब होता.

"आय ॲम डिफिकल्ट," मावशी फोनवर म्हणाली.

पलीकडून आवाज आला, "सॉरी?"

ऐकू गेलं नसेल म्हणून मावशीने आवाज चढवला. "आय ॲम डिफिकल्ट. व्हेरी डिफिकल्ट. फ्रॉम चाइल्डहुड."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"माय हजबंड ऑल्सो डिफिकल्ट," मावशी म्हणाली. काका शेजारी मटार सोलत बसले होते. आपलंही नाव निघालं म्हणून त्यांनी समाधानाने मान हलवली. "माय डॉटर नो डिफिकल्ट. डॉटर व्हेरी गुड."

विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "थँक यू फॉर टेलिंग मी. आय विल बी केअरफुल."

मावशीने फोन ठेवला आणि काकांना सांगितलं, "बाई समजूतदार आहे हो. जपून बोलेन म्हणाली."

दुसऱ्या दिवशी ताईचा फोन आला.

"आई, तू सासूबाईंना काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मला इंग्रजी कठीण जातं."

"तू सांगितलंस की तू महाकटकटी बाई आहेस. लहानपणापासून. आणि बाबाही तसेच."

मावशीने फोन दुसऱ्या कानाला लावला. मग तिने विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, निदान खरं तरी बोलतात. इतक्या खूश झाल्यात की माझ्याच्याने दुरुस्त करवेना. पाय बरा झाला की तुला भेटायला येणार आहेत. आता तूच निस्तर."

दुकानाच्या वरच्या मजल्यावर इंग्रजीचा क्लास चालतो. दुपारचं ऊन फळ्यावर येतं म्हणून क्लासच्या बाईंनी पडदे सांगितले होते. पडदे लावायला मावशी आणि काका वर गेले, तेव्हा मावशीने लाजत लाजत सगळी कहाणी बाईंना सांगितली. बाई हसल्या नाहीत, पण हसू आवरायला त्यांना दोनदा फळा पुसावा लागला.

"मावशी, मराठीत तुमचं बरोबरच होतं," त्या म्हणाल्या. "घोळ झाला तो 'मला'चं 'मी' केलंत तिथे. इंग्रजीत कठीण असतं ते काम. माणसालाच डिफिकल्ट म्हटलं की तो हेकट, कटकट्या." आणि त्यांनी फळ्यावर वाक्य लिहून वाचून दाखवलं. "इट इज डिफिकल्ट फॉर मी टू स्पीक इंग्लिश."

"हा इट कोण?" मावशीने विचारलं.

"कुणी नाही."

"कुणी नाही तर पहिल्या जागेवर का बसलाय?"

"इंग्रजी वाक्यात ती जागा रिकामी ठेवता येत नाही. खरं काम मागून येतंय, स्पीक इंग्लिश. तोवर हा जागा धरून बसलाय."

"म्हणजे बसमध्ये रुमाल टाकतात तसं," मावशी म्हणाली. तिला ते एकदम पटलं.

बाईंना हुरूप आला. त्यांनी समोरच्या खिडकीकडे बोट दाखवलं. "आणि ही खिडकी मोजायला अवघड आहे. धिस विंडो इज डिफिकल्ट टू मेझर."

"आता खिडकी कशी पुढे आली? ती काय काम आहे?"

"मोजणं हे काम. ते मागे आहे ना, म्हणून खिडकी पुढे चालते."

"मग मीही चालेन की. आय ॲम डिफिकल्ट टू मेझर."

"त्याचा अर्थ, तुमचं माप घेणं कठीण."

स्टुलावर उभे राहून पडद्याचा दांडा बसवणारे काका तोंडातले स्क्रू काढून म्हणाले, "हे वाक्य बरोबर आहे."

मावशीने ते सोडून दिलं, कारण दांडा अजून पक्का झाला नव्हता.

पुढचे दिवस तिने रुमालाचं वाक्य घोकलं. मशीनवर पाय, तोंडात इट इज डिफिकल्ट. आणि मग विहीणबाई आल्या. उंच, रुंद खांद्यांच्या, हातात काठी. त्या आयुष्यभर पोहायला शिकवत आलेल्या, त्यामुळे समोरच्याशीसुद्धा, तो तलावाच्या पलीकडच्या काठावर उभा असल्यासारख्या, मोठ्याने बोलत. मावशीने दारातच वाक्य सुरू केलं, पण 'इट'वरच विहीणबाईंनी तिला मिठी मारली आणि बाकीचं आत राहिलं.

त्यानंतर सांगायची घाई मावशीलाच वाटेना. कारण विहीणबाई फार जपून वागत होत्या. इथे बसू का, खिडकी उघडू का, पंखा चालेल ना, सगळं विचारून. टीव्हीचा आवाज वाढवायला त्यांनी काकांची परवानगी मागितली. या घरात काकांना बऱ्याच वर्षांत कुणी काही विचारलं नव्हतं. रात्री ते मावशीला म्हणाले, "इतक्यात काही दुरुस्त करू नकोस."

पण स्वभावाला औषध नसतं. हळूहळू विहीणबाईंचा मूळ रंग दिसायला लागला. उशी मऊ, चहा गोड, पंख्याची कुरकुर. मशीनवर बसताना मावशीची पाठ वाकते, ही तक्रार तर रोजची. एके सकाळी त्या दुकानात आल्या, टांगलेल्या पडद्याकडे डोळे बारीक करून पाहिलं आणि खालची पट्टी वाकडी आहे म्हणाल्या.

मावशीला घरात काहीही म्हणा, पण तिच्या पट्टीला वाकडी म्हणायचं नाही. तिने टेप लावून दाखवला. पट्टी सरळ होती. विहीणबाई म्हणाल्या, मग टेप जुना आहे. मावशीने नवा टेप आणला. विहीणबाई म्हणाल्या, मग जमीन वाकडी असेल. मावशी पुन्हा मशीनवर बसली, तर त्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या आणि खांदे मागे घ्या म्हणाल्या.

मावशीने मशीन थांबवलं, वळली आणि एका दमात म्हणाली, "इट इज डिफिकल्ट फॉर मी टू वर्क व्हेन यू आर स्टँडिंग हिअर."

जिन्यातून उतरणाऱ्या क्लासच्या बाई तिथेच कठडा धरून उभ्या राहिल्या. वाक्यात काढायला एक चूक नव्हती.

मावशी घाबरली. आता विहीण बॅग भरणार, असंच तिला वाटलं. पण विहीणबाई समोरच्या ताग्यावर बसल्या आणि पहिल्यांदाच हळू आवाजात, सोप्या इंग्रजीत बोलू लागल्या. "लोक खरं म्हणतात. डिफिकल्ट मीच आहे. नवरा म्हणायचा, दोन्ही मुलं म्हणतात. कुणाकडे राहायला गेले की चौथ्या दिवशी त्यांचे चेहरे बदलतात. तुम्ही फोनवर स्वतःहून तसं सांगितलंत, तेव्हा वाटलं, चला, आपल्यासारखं कुणीतरी भेटलं."

सगळे शब्द नाही, पण सगळा अर्थ मावशीला कळला. आता गप्प राहणं तिला बरं वाटेना.

"दॅट डे, माय मिस्टेक," ती म्हणाली. "इंग्लिश डिफिकल्ट. आय ॲम... ओके."

विहीणबाई बघत राहिल्या. मग इतक्या हसल्या की ताग्याची घडी उलगडून कापड जमिनीवर आलं. हसू ओसरल्यावर मात्र त्यांचा चेहरा जरा उतरला. "सो यू आर नॉट डिफिकल्ट?"

मावशीने त्या चेहऱ्याकडे पाहिलं. हातातल्या टेपची गुंडाळी केली.

"लिटल," ती म्हणाली. "आस्क माय हजबंड."

काकांना विचारलं गेलं आणि काकांनी अजिबात संकोच न करता सविस्तर उत्तर दिलं, तेही बरंचसं हातवाऱ्यांनी. विहीणबाई त्यानंतर आठवडाभर जास्त राहिल्या. पंख्याला तेल घालून घेतलं, चहातली साखर कमी करवली आणि मावशीला दर तासाला उठून खांदे फिरवायला लावलं. मावशी कुरकुर करत फिरवायची. तिची मान तेव्हापासून दुखत नाही, हे ती विहीणबाईंना अजून सांगत नाही.

आता दर रविवारी त्यांचा फोन असतो. ताई तक्रार करते की आईचा फोन सासूबाईंना आधी लागतो आणि तिला उरलेलं मिळतं. मागच्या महिन्यात मावशी एकटीच गाडीत बसून विहिणीकडे गेली आणि त्यांच्या खोलीला पडदे शिवून आली. पडदा जमिनीला टेकावा की वर राहावा, यावर दोघींचा सबंध दुपारभर वाद चालला. शेवटी एक खिडकी एकीच्या मताने आणि दुसरी दुसरीच्या मताने शिवली गेली. जावई म्हणतो, खोली विचित्र दिसते. पण तिकडे त्याला कुणी विचारत नाही.