दोन्ही हात

वैमानिक नातीच्या चिमुकल्या विमानाचं दार आमच्या फडताळाच्या दारापेक्षा पातळ निघालं. त्याच्या बाजूची मूठ मी दोन्ही हातांनी गच्च धरली. तेवढ्यात विमान खड्ड्यात गेल्यासारखं खाली आलं.

“आजी, सोड ती मूठ. विमान मी धरलंय,” नात म्हणाली.

विशीत जत्रेतल्या पाळण्यात मी अशीच दांडी धरून, डोळे मिटून बसले होते. उतरल्यावर मात्र ‘वरून सगळं गाव दिसलं’ म्हणून मिरवले. बावळट कुठली!

खाली कृष्णामाई आली. नदी ओलांडताना हात जोडायचे, ही आमची जन्माची सवय. आणि एका हाताचा नमस्कार काही नदीला चालत नाही. मी श्वास रोखला, मूठ सोडली, हात जोडले.

विमान पडलं नाही. डोळे मिटायचे तेवढे या खेपेला राहूनच गेले.